टायरच्या अंगावरची अक्षरं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की टायर बदलायची घाई होते, आणि आमच्याकडे येणारी पत्रंही टायरचीच असतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: टायरवर इतके आकडे आणि अक्षरं असतात, त्यातलं कामाचं कोणतं आणि दुकानदाराच्या तोंडचं कोणतं?

प्रश्न: माझी गाडी आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून चिपळूण-कराड करते. दुकानदाराने दोन टायर दाखवले. एकावर ट्रेडवेअर ५००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए असं आहे. दुसऱ्यावर ३२०, एए, ए. त्याच्या मते पहिला ५०,००० किलोमीटर चालेल आणि दुसरा ३२,०००. हा हिशेब खरा आहे का? घ्यावा कोणता?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: हिशेब खोटा आहे, आणि तुमच्या रस्त्यासाठी टायर दुसरा घ्यावा.

ही तीन मापं अमेरिकन सरकारच्या पद्धतीतली आहेत. आपल्याकडे ती सक्तीची नाहीत, पण बरेच टायर निर्यातीच्याच साच्यातून निघतात, म्हणून ती अंगावर छापलेली दिसतात. ट्रेडवेअर म्हणजे झिजेची तुलना. टेक्सासमध्ये ठरलेल्या सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचा ताफा सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात. त्यात एका प्रमाण टायरची झीज १०० धरली जाते आणि बाकीच्यांची झीज त्याच्याशी ताडून पाहतात. ५०० याचा अर्थ त्या रस्त्यांवर तो टायर प्रमाण टायरच्या पाचपट टिकेल असा अंदाज, बस. यात किलोमीटर कुठेच नाहीत. तिथला रस्ता वेगळा, हवा वेगळी, आणि घाटात ब्रेक मारत उतरणारी तुमची गाडी तर त्या चाचणीत नव्हतीच. शिवाय हा आकडा टायर कंपनी स्वतःच देते. चाचणीत निघाला त्यापेक्षा कमी आकडा छापायला तिला मोकळीक असते आणि काही कंपन्या तसं करतात. म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर ताडायला हा आकडा बरा. दोन वेगळ्या कंपन्यांचे ताडताना त्यावर फार भिस्त ठेवू नका.

ट्रॅक्शनची अक्षरं चार: एए, ए, बी, सी. ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर चाक पूर्ण जाम करून सरळ रेषेत ओढतात आणि टायर किती धरतो ते मोजतात. एए मिळायला डांबरावरचा पकडीचा (घर्षणाचा) गुणांक ०.५४ च्या वर हवा, ए साठी ०.४७ च्या वर पुरतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण शेवाळलेल्या वळणावर समोरून एसटी आली की तोच कामाला येतो. मात्र या चाचणीत वळण नाही आणि साचलेलं पाणीही नाही. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागणं, म्हणजे अ‍ॅक्वाप्लेनिंग, यात मोजलंच जात नाही. ते ठरतं खाचांच्या खोलीवर, टायरमधल्या हवेच्या दाबावर आणि वेगावर. एए टायरच्या खाचा २ मिलिमीटर उरल्या असतील तर साचलेल्या पाण्यात तो नव्या ए टायरच्या मागे पडू शकतो.

टिकाऊपणा आणि ओली पकड यांची ओढाताण रबरातच असते. कडक मिश्रण सावकाश झिजतं, मऊ मिश्रण रस्त्याला धरून राहतं. सिलिकायुक्त रबराने ही तडजोड पुष्कळ सौम्य केली आहे, पण संपवलेली नाही. वर्षाचे चार महिने ओल्या घाटात गाडी चालवणाऱ्याने ट्रेडवेअरचे दीडशे-दोनशे अंक खुशाल सोडून द्यावेत.

प्रश्न: माझ्या गाडीला मूळ टायर १८५/६५ आर १५, ८८ एच असे आहेत. दुकानात १८५/६० आर १५, ८४ टी स्वस्तात मिळतायत. समृद्धीवर वेगमर्यादाच १२० आहे, आणि टी म्हणजे १९०, मग एच कशाला? दुसरं म्हणजे उन्हाळ्यात लांब जाताना हवा तीन-चार पॉइंट कमी ठेवावी म्हणतात, ते बरोबर का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण जिवावर बेतेल असं तेच आहे. हवा कमी ठेवू नका. उलट गाडी भरलेली असेल तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो जास्तीचा आकडा दिलेला असतो, तितकी भरा.

गरम टायरमधली हवा फुगून टायर फुटतो, ही समजूत घट्ट बसलेली आहे. हिशेब करून पाहा. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरली आणि धावताना टायरमधली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब होतो ३८ ते ३९. चांगला टायर एवढा दाब हसत सोसतो, आणि स्टिकरवरचा आकडा ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. टायर मरतो तो कमी हवेने. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त मुडपते. १२० च्या वेगाने हे चाक मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतं, म्हणजे तितक्यांदा मुडपणं आणि सरळ होणं. त्यातून उष्णता तयार होते, ती बाहेर पडायला फुरसत मिळत नाही, आणि आतले पोलादी पट्टे व रबर यांची जोड सुटू लागते. मग एकाएकी वरचा थर सोलून निघतो किंवा बाजू फाटते. शहरात दर सिग्नलला टायर दम खातो. समृद्धीवर तासन्‌तास एकच वेग असतो, म्हणून शहरात खपून गेलेली कमी हवा तिथे खपत नाही.

आणखी एक चूक ढाब्यावरच्या पंपावर होते. तापलेल्या टायरचा दाब ३८ दिसतो, म्हणून माणूस पाच पॉइंट सोडून देतो. तोच टायर रात्री गार झाला की उरतात २८. हवा मोजायची ती गाडी किमान तीन तास उभी असताना, किंवा दोन-तीन किलोमीटरच चालल्यावर. नायट्रोजन भरलात तरी हे गणित तेच राहतं. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर तोही तसाच फुगतो. तो जरा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा.

आता अक्षरं. ८८ हा भार-अंक आहे, त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो. ८४ म्हणजे ५००. चार टायर मिळून २४० किलोंची क्षमता तुम्ही सोडून देताय, म्हणजे तीन मोठी माणसं आणि त्यांचं सामान. भार-अंक मूळ टायरपेक्षा खाली कधीच नेऊ नये, इथे तडजोड नाही. वेगाच्या अक्षराचं तसं नाही. टी १९०, एच २१०, व्ही २४० हे वेग चाचणीच्या ड्रमवरचे आहेत: टायर नवा, हवा बरोबर, भार नेमून दिलेला. एच टायरच्या पट्ट्यांवर नायलॉनचं आवरण देऊन तो उष्णतेला पक्का केलेला असतो, तेव्हा त्या अक्षरातून खरं तर ताप सोसायची शिल्लक विकत घेतली जाते. जेमतेम हवा, भरलेली गाडी आणि मे महिना एकत्र आले की ही शिल्लक झपाट्याने खर्च होते. म्हणून समृद्धीवर नेहमी जाणाऱ्याने एचच ठेवावा. नुसत्या गावातल्या गावात फिरणाऱ्याने टी घेतला तर आम्ही हरकत घेणार नाही.

आकाराबद्दलही सांगतो. १८५/६५ चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटर भरतो, १८५/६० चा ६०३. गाडी ९ मिलिमीटर खाली बसेल आणि वेगाचा काटा ३ टक्के जास्त दाखवेल. त्यापेक्षा मूळ आकाराचाच टायर शोधा.

जाता जाता: टेंपरेचरच्या ग्रेडलाही उन्हाळ्याच्या तापमानाशी काही देणंघेणं नाही. ए म्हणजे टायर ताशी १८५ किलोमीटरच्या वर तग धरतो, बी म्हणजे १६० ते १८५, आणि सी म्हणजे १३७ ते १६०. नागपूर-अकोल्याच्या उन्हासाठी म्हणून वेगळा ‘ए’ टायर कोणी विकत असेल तर त्याच्या विक्रीकौशल्याला दाद द्या आणि पुढच्या दुकानात जा.

प्रश्न: टायरवर आयएसआयची खूण आहे. म्हणजे दर्जा चांगला समजायचा ना? आणि भारतात टायरला स्टार देतात म्हणे, ते कुठे पाहायचे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आयएसआयची खूण म्हणजे उत्तीर्ण. पहिला नंबर आला की काठावर पास झाला, ते तिच्यातून कळत नाही. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक लागू आहे आणि खुणेशिवाय टायर विकता येत नाही. खुणेशेजारी सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानातच करा.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने एआयएस-१४२ लागू करायची अधिसूचना काढली. लोळण-रोध (म्हणजे टायर फिरताना होणारा अडसर, ज्यात इंधन खर्च होतं), ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा त्यात आहेत. पण त्याही पास-नापासच्याच. स्टार वेगळे, ते ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे, फ्रिज आणि पंख्यावर असतात त्याच घराण्यातले. त्यांचा मुख्य रोख इंधन वाचवण्यावर आहे. पाच स्टार पाहून ‘सर्वात सुरक्षित टायर’ असा अर्थ काढू नका. आणि भारत एनकॅपचे स्टार तर गाडीचे असतात: धडक बसल्यावर आतली माणसं किती वाचतात ते त्यात पाहतात. धडक टाळायचं काम टायरचं, ते त्या स्टारमध्ये येत नाही.

प्रश्न: माझी गाडी २०१७ ची, चालली फक्त २४,००० किलोमीटर. टायरची नक्षी अजून नव्यासारखी आहे. बदलायची खरंच गरज आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी टायरचं वय काढा, गाडीचं नव्हे. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४१७ असेल तर २०१७ सालचा चौदावा आठवडा. ते दिसले नाहीत तर टायर जुना म्हणून खोडले आहेत असं समजू नका. पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते आणि ती बाजू आतल्या अंगाला बसवलेली असू शकते. चाक पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात पाहा.

रबर वापराने झिजतं आणि न वापरता वाळतं. ऑक्सिजनने ते कडक होतं, ओझोनने बाजूला बारीक चिरा पडतात. कमी चालणाऱ्या गाडीत हे लवकर दिसतं, कारण टायर फिरताना रबरातलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि उभ्या गाडीत ते येत नाही. म्हणून खोल खाचा पाहून निर्धास्त होऊ नका. खाचांच्या तळाशी आणि रिमजवळच्या कडेला नख दाबून पाहा. नखाने उघडणाऱ्या चिरा दिसल्या तर टायर गेला. पाच वर्षांनंतर दर वर्षी माहितगाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी ठेवू नये, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. काही कार कंपन्या सहा वर्षं म्हणतात. तुमच्या टायरचं वय नियमाने सरळ संपलेलं नसलं तरी ओल्या रस्त्यावर कडक रबराची पकड कमी झालेली असणार. आमच्या मते बदला. आणि स्टेपनी विसरू नका. तीही तेवढीच म्हातारी आहे, फक्त डिकीत झाकलेली.

प्रश्न: आम्ही नोकरीसाठी जर्मनीत आलो. इथल्या टायरच्या लेबलवर ओल्या पकडीला ए आहे, पण शेजारी म्हणतात हिवाळ्यात हा टायर चालणार नाही. ए असून?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर: शेजाऱ्यांचं ऐका. १ मे २०२१ पासूनच्या युरोपीय लेबलवर इंधन आणि ओली पकड यांना ए ते ई अशी अक्षरं आणि बाहेरच्या आवाजाला डेसिबल असतात. ओल्या पकडीची चाचणी बर्फाची नाही, भिजलेल्या डांबराची असते. बर्फासाठी वेगळं चिन्ह पाहायचं: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत हेच चिन्ह चालतं, नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. एम+एस हा कंपनीने स्वतः दिलेला शब्द आहे, त्यामागे चाचणीची अट नव्हती. चांगल्या हिवाळी टायरला ओल्या पकडीत बी किंवा सी दिसलं तर बिचकू नका. थंडीत मऊ राहणारं रबर चाचणीच्या उबदार डांबरावर मागे पडू शकतं.

टायरवर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी ४ असं दिसेल. तो दर्जाचा क्रमांक नाही. कोणत्या देशाने मंजुरी दिली त्याचा आकडा आहे: १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स.

प्रश्न: चारांऐवजी दोनच टायर बदलायचे आहेत. गॅरेजवाला पुढे बसवतो म्हणतो, इंजिन पुढे आहे म्हणून.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नवे मागे बसवा. पुढचा टायर पाण्यावर सरकला तर गाडी सरळ जाते, हाताला कळतं, पाय उचलला की ती परत धरते. मागचा सरकला तर गाडीच फिरते आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच नक्षीचे असावेत. पुढे राहणाऱ्या जुन्या टायरच्या खाचा ३ मिलिमीटरच्या खाली असतील तर मात्र दोनावर भागवू नका. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण कोकणातल्या पावसाला ती पुरत नाही.

प्रश्न: जुन्या टायरच्या बाजारात ‘८० टक्के’ नक्षीचे टायर निम्म्याहून कमी भावात मिळतात. ओळखीचा मुलगा देतोय. घ्यावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ओळखीचा असला तरी टायर तो ओळखीचा नाही. या बाजारात दोन प्रकारची फसवणूक सर्रास चालते. पहिली म्हणजे काळा रंग: बाजूच्या चिरा झाकायला टायर चकचकीत काळा करतात. ओल्या फडक्याने घासा, बोट काळं झालं की समजा.

दुसरी जास्त घातक. गोटा झालेल्या टायरला तापलेल्या पात्याने नव्या खाचा मारतात. ट्रकच्या काही टायरना यासाठी मुद्दाम जादा रबर दिलेलं असतं आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. कारच्या टायरमध्ये खाचेचा तळ आणि पोलादी पट्टा यांच्यात रबराचा जेमतेम पातळ थर असतो. पातं थोडं खोल गेलं की पट्टा उघडा पडतो, पाणी शिरतं, गंज चढतो.

ओळखायचं असं. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा. त्याच्या सरळ रेषेत मुख्य खाचांच्या तळाशी रबराची आडवी उंच पट्टी असते, १.६ मिलिमीटरची. असे त्रिकोण गोलाकार अनेक ठिकाणी असतात. पट्टी मधोमध कापलेली असेल, किंवा त्रिकोण आहे पण पट्टीच नाही, तर खाच पात्याने मारलेली आहे. साच्यातल्या खाचेचा तळ गुळगुळीत आणि कोपरे गोलसर असतात. पात्याचा तळ खरबरीत लागतो. मग टायर रिमवरून उतरवायला सांगा आणि आतून हात फिरवा. आतल्या बाजूला चिकटवलेला मोठा पॅच, रबराचा भुगा किंवा कडेने काळपट घासलेला पट्टा आढळला तर तो टायर कमी हवेवर रखडलेला आहे. बाहेरून ते कधीच दिसत नाही. टायर उतरवायला विकणारा तयार नसेल तर सौदा तिथेच सोडा.